स्किझोफ्रेनियातून सावरताना लक्ष का लागत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुणी नसताना ऐकू येणारे आवाज थांबतात, संशय ओसरतो, झोप सुधारते. घरात सगळ्यांना हायसं वाटतं. मग लक्षात येतं की वाचायला घेतलेला परिच्छेद तिसऱ्यांदा वाचूनही डोक्यात शिरत नाहीये. शुभार्थी, म्हणजे आजारातून सावरणारी व्यक्ती, आणि शुभंकर, म्हणजे तिची काळजी घेणारे, या टप्प्यावर जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एकाच गोष्टीचा दोन ठिकाणी संबंध येतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. आवाज थांबून सहा महिने झाले, गोळ्याही वेळेवर चालू आहेत. मग अजून लक्ष का लागत नाही?

आवाज आणि लक्ष यांचं नातं वाटतं तेवढं घट्ट नसतं. स्किझोफ्रेनियाची लक्षणं ढोबळमानाने तीन गटांत मोडतात. भास, भ्रम आणि विस्कळित बोलणं हा पहिला गट. उत्साह आटणं, बोलणं कमी होणं, चेहऱ्यावर भाव न उमटणं हा दुसरा. लक्ष, स्मरण आणि विचारांचा वेग यांतल्या अडचणी हा तिसरा. आज वापरात असलेली बहुतेक औषधं मेंदूतल्या डोपामिन या रसायनाच्या कामावर परिणाम करून पहिला गट आवरतात. तिसऱ्या गटावर त्यांचा उपयोग फार थोडा होतो. म्हणून आवाज गेल्यावरही लक्षाची अडचण मागे राहते. खरं तर ती आधीपासूनच होती, त्या गोंधळात कुणाला दिसली नव्हती.

हे काही नव्याने कळलेलं नाही. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी 1890च्या दशकात या आजाराचं ‘डिमेन्शिया प्रिकॉक्स’ या नावाने वर्णन केलं. स्वतःहून एखाद्या गोष्टीवर लक्ष धरून ठेवण्याची रुग्णांची इच्छाही कमी होते आणि क्षमताही, असं त्यांनी पुढे नोंदवून ठेवलं आहे. मनोविकृतीवरचं पहिलं प्रभावी औषध, क्लोरप्रोमाझिन, वापरात आलं ते 1952 साली. म्हणजे गोळीच नव्हती त्या काळातही लक्ष लागत नव्हतं. ‘गोळ्यांनीच याचं डोकं बधिर केलं’ असं मनात येईल तेव्हा एवढं आठवावं. गोळ्यांचा वाटा काहीच नसतो असंही नाही. त्याबद्दल प्रश्न 5 मध्ये आहे.

2. ‘लक्ष लागत नाही’ म्हणजे नेमकं काय बिघडलेलं असतं?

लक्ष म्हणजे अनेक कामांचं मिळून एक नाव आहे. एकाच गोष्टीवर बराच वेळ टिकून राहणं हे एक काम. चार आवाजांतून हवा तो निवडणं आणि बाकीचे मागे ढकलणं हे दुसरं. एका कामावरून दुसऱ्यावर वळणं आणि दोन कामं एकत्र सांभाळणं ही आणखी वेगळी. कुणाचं यातलं एकच कच्चं असतं, कुणाची दोन-तीन.

निवडण्याची अडचण बाहेरच्यांना सर्वांत कमी कळते. आपण कुणाशी बोलत असताना पंख्याची घरघर, शेजारच्या खोलीतलं हसणं, रस्त्यावरचा हॉर्न हे सगळं मेंदू न सांगता बाजूला सारतो. या आजारात ही चाळणी सैल होते. 1961 साली मॅकघी आणि चॅपमन या संशोधकांनी आजाराच्या सुरुवातीच्या काळातल्या रुग्णांकडून त्यांचे अनुभव ऐकून घेतले. सगळंच एकदम आत येतं, काय ऐकायचं आणि काय सोडायचं हे ठरवता येत नाही, असं त्यांतून समोर आलं. अशा माणसाला दिवसभर काही न करताही थकवा का येतो, हे यावरून समजावं.

लक्षाच्या शेजारी आणखी दोन गोष्टी राहतात. एक म्हणजे कार्यकारी स्मृती, म्हणजे ऐकलेली गोष्ट काम होईपर्यंत मनात धरून ठेवणं. दुसरी म्हणजे माहिती पचवण्याचा वेग. ‘लक्ष नाही’ अशी तक्रार येते तेव्हा पुष्कळदा मूळ अडचण या दोहोंपैकी एक असते. वाक्य ऐकलेलं असतं, पण ते पचेपर्यंत समोरच्याची पुढची तीन वाक्यं होऊन गेलेली असतात.

3. मोबाइलवर तासन्‌तास व्हिडिओ पाहतो, पण पुस्तकाचं एक पान वाचत नाही. मुद्दाम करतो का?

नाही. हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरातून येतो आणि त्यावरूनच सर्वांत जास्त भांडणं होतात.

हलतं चित्र, बदलता आवाज, दर काही सेकंदांनी नवीन काहीतरी, या गोष्टी लक्ष बाहेरून ओढून घेतात. पुस्तक तसं ओढत नाही. तिथे आपणच आपलं लक्ष आतून लावायचं असतं, आणि सुटलं की पुन्हा आणायचं असतं. या आजारात कमी पडते ती आतून लावण्याची ताकद. शिवाय समोर बसणं आणि पाहणं यांत फरक आहे. शेवटच्या व्हिडिओत काय होतं, असं सहज, परीक्षा न घेता विचारून पाहा. अनेकदा सांगता येत नाही.

‘मनावर घेतलंस तर जमेल’ हे वाक्य शुभार्थीने हजार वेळा ऐकलेलं असतं. त्याने लक्ष वाढत नाही, आपण नालायक आहोत ही भावना तेवढी वाढते. ते वाक्य घरातून कायमचं जावं, असं मला कळकळीने वाटतं.

4. म्हणजे बुद्धी कमी झाली का? पुढे स्मृतिभ्रंश होणार का?

लक्ष, स्मरण आणि वेगाच्या चाचण्यांमध्ये स्किझोफ्रेनिया असलेल्यांचे गुण गट म्हणून सरासरीपेक्षा साधारण 1 ते 2 प्रमाण विचलनांनी कमी येतात. 1 प्रमाण विचलन खाली म्हणजे 100 जणांच्या रांगेत खालून साधारण सोळावी जागा. पण ही गटाची गोष्ट झाली. व्यक्ती-व्यक्तींत फार फरक असतो, आणि काही जणांचे गुण अगदी सर्वसाधारण मर्यादेत असतात.

दिलासा देणारा भाग असा की ही घसरण बहुतेकांमध्ये वर्षागणिक वाढत जात नाही. तिची सुरुवात पहिल्या झटक्याच्या आधीच, अनेकदा काही वर्षं आधी, झालेली असते. त्यानंतर ती बऱ्यापैकी एका पातळीवर राहते. क्रेपेलिन यांच्या ‘डिमेन्शिया’ या शब्दाने लोकांना विनाकारण घाबरवलं. ऑयगेन ब्लॉयलर यांनी 1908 साली ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द सुचवला, त्यामागे हेही एक कारण होतं: हा आजार अटळपणे स्मृतिभ्रंशाकडे जात नाही, हे त्यांना दिसत होतं.

5. हे आजारामुळे, गोळ्यांमुळे की नैराश्यामुळे, हे कसं ओळखायचं?

घरच्या घरी पक्कं ओळखता येत नाही, पण डॉक्टरांना उपयोगी पडेल अशी माहिती नक्की गोळा करता येते. पहिला प्रश्न ‘कधीपासून?’ हा. शाळा-कॉलेजच्या शेवटच्या वर्षांतच अभ्यास सुटू लागला असेल, तर बोट आजाराकडे जातं. नवी गोळी सुरू झाल्यावर किंवा डोस वाढल्यावर काही दिवसांत फरक पडला असेल, तर गोळीकडे.

गोळ्यांमुळे लक्ष कमी होण्याच्या वाटा वेगवेगळ्या आहेत. सरळ गुंगी ही त्यातली एक. क्लोझापिन, ओलान्झापिन, क्वेटियापिन यांनी ती जास्त येते. सकाळी जड वाटतं आणि दुपारनंतर डोकं उघडतं, असं होत असेल तर ते डॉक्टरांना सांगावं. कधीकधी गोळी घेण्याची वेळ बदलूनही फरक पडतो.

दुसरी वाट फारशी कुणाच्या ध्यानात येत नाही, म्हणून तिच्यावर थोडं थांबतो. हातापायांची थरथर किंवा ताठरपणा कमी करायला मुख्य औषधाबरोबर ट्रायहेक्सिफेनिडिलसारखी गोळी दिली जाते. ही औषधं मेंदूतल्या अ‍ॅसिटिलकोलिनचं काम अडवतात, आणि लक्ष व स्मरणाला नेमकं तेच रसायन लागतं. अनेकांना ही गोळी सुरुवातीच्या काळात लागते आणि नंतर गरज संपली तरी चिठ्ठीवरून चिठ्ठीवर उतरत राहते. ‘ही अजून लागते का?’ हा प्रश्न पुढच्या भेटीत जरूर विचारा. कोरडं तोंड, बद्धकोष्ठता आणि धूसर दिसणं ही सोबत असतील तर नक्कीच विचारा.

तिसरी वाट अस्वस्थतेची. काही औषधांमुळे एका जागी बसवत नाही, पाय सतत हलवावेसे वाटतात. याला अकॅथिसिया म्हणतात. बाहेरून ते ‘चंचलपणा’ दिसतं. झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्याही, विशेषतः बेंझोडायझेपिन गटातल्या, लक्ष मंदावतात.

नैराश्यात लक्षाबरोबर आवडीही जातात, मन उदास असतं, अपराधी वाटतं, पहाटे जाग येते. आजारातून सावरताना नैराश्य येणं हे अजिबात दुर्मीळ नाही, आणि त्यावर उपचार होतात. याखेरीज थायरॉइड, ब 12 जीवनसत्त्वाची कमतरता आणि मधुमेह तपासलेले असावेत. वजन बरंच वाढलं असेल, रात्री जोरात घोरणं आणि श्वास अडकणं होत असेल, तर झोपेतला श्वासरोधही तपासावा. रात्रभर नीट झोपच न झालेल्या मेंदूकडून दिवसा एकाग्रतेची अपेक्षा काय करणार?

6. मग स्वतःच गोळी थोडी कमी करून पाहिली तर?

नको. गोळी बंद केल्याने किंवा अंदाजाने कमी केल्याने आजार उलटण्याचा धोका बराच वाढतो, आणि उलटलेल्या आजारात असलेलं लक्षही जातं. पण याचा अर्थ सोसत राहा असा नाही. प्रश्न 5 मधली निरीक्षणं तारखांसकट कागदावर लिहून न्या आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा: ‘आवाज नाहीत, पण लक्ष लागत नसल्याने दिवस वाया जातो आहे.’ आवाज नाहीत एवढं ऐकून भेट संपते, कारण पुढचं कुणी सांगतच नाही.

7. लक्ष मोजता येतं का? चाचणी करून घ्यावी का?

येतं. 1956 सालापासून वापरात असलेल्या ‘कंटिन्युअस परफॉर्मन्स टेस्ट’मध्ये पडद्यावर अक्षरं किंवा आकडे एकामागून एक येत राहतात आणि ठरावीक खूण आली की बटण दाबायचं असतं. किती खुणा सुटल्या आणि किती वेळा चुकून बटण दाबलं गेलं, यावरून लक्षाचा टिकाऊपणा कळतो. 2008 साली स्किझोफ्रेनियासाठी खास तयार झालेल्या ‘मॅट्रिक्स’ या चाचणीसंचात 7 क्षेत्रं आहेत आणि टिकून राहणारं लक्ष हे त्यातलं एक.

प्रत्येकाने चाचणी केलीच पाहिजे असं नाही. शिक्षण किंवा नोकरीचा निर्णय घ्यायचा असेल, सवलतीसाठी अहवाल लागणार असेल किंवा प्रश्न 9 मधलं प्रशिक्षण सुरू करायचं असेल, तर चिकित्सा मानसशास्त्रज्ञांकडून करून घ्यावी. आकडा म्हणजे निकाल नव्हे. कुठे आधार द्यायचा हे कळण्यापुरता त्याचा उपयोग.

8. घरी आम्ही काय करू शकतो?

लक्ष वाढवण्याच्या मागे लागण्याआधी, थोड्या लक्षातही काम भागेल अशी घराची मांडणी करावी. चष्मा लावणाऱ्याला आपण ‘डोळे ताणून बघ’ म्हणत नाही. इथेही आधार बाहेर ठेवायचा.

बोलण्यापासून सुरुवात करा. आधी नावाने हाक, मग त्याची नजर वळेपर्यंत थांबणं, मग एकच सूचना. ‘अंघोळ कर, कपडे मशीनला टाक आणि येताना दार लावून घे’ या तीन सूचना झाल्या. त्यातली बहुधा शेवटचीच उरते. उत्तर यायला वेळ लागला तर प्रश्न लगेच पुन्हा विचारू नका, कारण पचवण्याचं काम मग पहिल्यापासून सुरू होतं. मनात दहा अंक मोजा. महत्त्वाचं असेल तर ‘काय ठरलं आपलं?’ असं त्याच्याच तोंडून एकदा येऊ द्या. बोलताना टीव्ही बंद. आवाज कमी करून भागत नाही, कारण चाळणी सैल असेल तर कमी आवाजही आत येतोच.

आठवण करून देणाऱ्या खुणा काम होतं तिथेच असाव्यात. दात घासण्याची आठवण आरशावर, किल्लीची दाराच्या आतल्या बाजूला. खोलीतल्या एका मोठ्या फळ्यावर सगळं लिहिलं की आठवडाभरात तो भिंतीचाच भाग होऊन जातो आणि कुणी वाचत नाही. खुणांचा रंग आणि जागा अधूनमधून बदला. गोळ्यांसाठी वारांचे कप्पे असलेली डबी आणि मोबाइलचा गजर वापरा. चुकलेला डोस हा बऱ्याचदा हट्ट नसतो, लक्ष सुटल्याचा परिणाम असतो. गॅस चालू असेल तर टायमर लावायचा आणि तिथून हलायचं नाही, एवढा नियम मात्र पक्का ठेवा.

कामाचा वेळ मोजून ठरवा. लक्ष साधारण किती मिनिटं टिकतं ते दोन-तीन दिवस शांतपणे पाहा. 8 मिनिटं टिकत असेल तर 6 मिनिटांवर थांबा आणि विश्रांती घ्या. सुटण्याआधी थांबलं की काम ‘जमलं’ म्हणून संपतं. मग आठवड्याला मिनिटभर वाढवा. नवीन काम शिकवताना बारीक पायऱ्या करा आणि सुरुवातीला चूक होऊच देऊ नका, अंदाज करायला लावू नका. या आजारात झालेली चूकच लक्षात राहून जाण्याची शक्यता असते, म्हणून ‘चुकत चुकत शिकेल’ ही नेहमीची रीत इथे तेवढी चालत नाही.

आणि शुभंकरांनो, हे सगळं रोज जमणार नाही. ज्या दिवशी तुमचाच आवाज चढतो त्या दिवशी थोडं बाजूला व्हा. घरात सतत टीका होत असेल तर आजार उलटण्याची शक्यता वाढते, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. तुमची विश्रांतीही उपचारातच धरा.

9. मोबाइलवरचे मेंदूचे खेळ खेळून लक्ष सुधारतं का?

नुसते खेळ खेळून बहुधा त्या खेळातच हात बसतो. स्वयंपाकघरात किंवा ऑफिसात तो फरक पोहोचेल याची खात्री नसते. ‘कॉग्निटिव्ह रेमेडिएशन’ ही वेगळी गोष्ट आहे. त्यात संगणकावरचा किंवा कागदावरचा सराव असतोच, पण सोबत प्रशिक्षित व्यक्ती असते. ‘आत्ता तू काय युक्ती वापरलीस? ती घरी कुठे वापरशील?’ असं ती बोलतं करते.

2011 साली 40 अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा या पद्धतीने आकलनात, म्हणजे लक्ष, स्मरण आणि विचारांच्या वेगात, मध्यम प्रमाणात सुधारणा दिसली. 2021 साली 130 अभ्यासांचा आढावा निघाला. त्यात परिणाम लहान ते मध्यम असला तरी ठाम होता आणि रोजच्या जगण्यातही दिसत होता. जिथे प्रशिक्षक सक्रिय होता, युक्त्या शिकवल्या जात होत्या आणि सोबत पुनर्वसन चालू होतं, तिथे फायदा जास्त. सोय नसेल तर घरी एखादा सोपा खेळ दोघांनी मिळून खेळा आणि नंतर त्यावर बोला. ती त्या पद्धतीची बरोबरी नव्हे, पण एकट्याने पडद्यावर बोटं आपटण्यापेक्षा बरं.

10. आणि व्यायाम, ध्यान?

व्यायाम, निःसंकोच हो. धाप लागेल इतपत चालणं, सायकल, पोहणं अशा व्यायामाने स्किझोफ्रेनियात आकलन सुधारतं, लक्षही सुधारतं, असं 2017 सालच्या एका आढाव्यात दिसलं. सोबत कुणी असलं की तो टिकतो.

ध्यानाबाबत जपून. डोळे उघडे ठेवून, मार्गदर्शकासोबत, काही मिनिटांपुरतं श्वासाकडे लक्ष देणं अनेकांना मानवतं. दिवसचे दिवस मौन पाळून तासन्‌तास बसायची शिबिरं मात्र टाळावीत; झोप आणि उपास यांची ओढाताण होऊन त्यांत लक्षणं उफाळल्याची उदाहरणं आहेत.

11. लक्ष वाढवणारी गोळी नाही का? एडीएचडीची गोळी चालेल?

स्किझोफ्रेनियातल्या लक्षाच्या अडचणीवर मान्यता मिळालेलं औषध अजून नाही. आयक्लेपरटिन या औषधाकडून मोठ्या आशा होत्या, पण 2025 च्या सुरुवातीला त्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या चाचण्यांचे निकाल अपेक्षेप्रमाणे आले नाहीत.

एडीएचडी म्हणजे लहानपणापासून असणारी अतिचंचलता आणि लक्ष न लागणं. त्यासाठीचं मिथाइलफेनिडेट हे औषध डोपामिन वाढवतं, आणि त्याने भास-भ्रम परत येऊ शकतात. मित्राची किंवा भावंडाची गोळी कधीही घेऊ नये. शुभार्थीला लहानपणापासून एडीएचडी असल्याचं खरोखर निदान झालेलं असेल, तर तो अपवाद आहे. तिथे मनोविकारतज्ज्ञ आजार स्थिर आहे की नाही ते पाहून, बारीक देखरेखीखाली निर्णय घेतात.

12. सिगारेट ओढली की लक्ष लागतं, असं तो म्हणतो. खरं आहे का?

थोडा वेळ, हो. निकोटिनमुळे लक्ष काही काळ सुधारतं, त्यामुळे त्याला खोटं ठरवू नका. पण शरीराची जी किंमत मोजावी लागते ती फार मोठी आहे, म्हणून सोडायला मदत करावीच.

यात एक गुंता आहे. तंबाखूच्या धुरामुळे यकृतातलं एक विकर (एन्झाइम) जोमाने काम करू लागतं आणि क्लोझापिन व ओलान्झापिन शरीरातून लवकर बाहेर पडतात. सिगारेट अचानक बंद झाली की त्याच डोसमध्ये रक्तातलं औषधाचं प्रमाण काही दिवसांत वाढतं. गुंगी येते, लक्ष आणखी जातं, आणि सगळे म्हणतात सिगारेट सोडल्यामुळे बिघडलं. ही करामत धुराची आहे, निकोटिनची नाही. त्यामुळे निकोटिनचे पॅच किंवा गम लावले तरी औषधाचं प्रमाण वाढायचं ते वाढतंच. सोडण्याची तारीख डॉक्टरांना आधी कळवा. क्लोझापिन चालू असेल तर कॉफीचं प्रमाणही एकदम फार वाढवू किंवा घटवू नये, कारण कॅफिनचा निचरा त्याच विकराकडून होतो.

13. शिक्षण किंवा नोकरी पुन्हा कधी सुरू करावी?

लक्ष पूर्ण सुधारण्याची वाट पाहत बसू नका. काम शोधायला आणि टिकवायला माणूस सोबत असेल, तर पुष्कळ जण लक्षाच्या अडचणीसकट काम करतात. काम निवडताना गोंगाट, घाई आणि एकाच वेळी चार गोष्टी सांभाळणं किती आहे, ते पगाराच्या आधी पाहा. तोंडी सूचनांऐवजी लेखी सूचना, कडेची शांत जागा, छोटे विराम, परीक्षेत जादा वेळ या मागण्या अवास्तव नाहीत.

वाहन चालवण्याचा निर्णय मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

14. लक्ष चांगलं सुधारलं होतं, पण चार दिवसांत एकदम बिघडलं. काय समजायचं?

प्रश्न 4 मध्ये म्हटलं तशी ही अडचण एका पातळीवर राहते. त्यामुळे अचानक घसरणीला नेहमीच काहीतरी कारण असतं. झोप कमी होणं, संशय, एकटं राहणं सोबत असेल तर आजार उलटण्याची ती सुरुवात असू शकते. त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा.

ताप, अंग ताठ होणं, घाम आणि गोंधळलेपण एकत्र दिसलं तर रात्र असली तरी तातडीने रुग्णालयात न्या. औषधांचा हा दुर्मीळ पण जिवावर बेतणारा दुष्परिणाम असू शकतो. क्लोझापिन घेणाऱ्याला ताप किंवा घसा दुखणं सुरू झालं तरी थांबू नका: पांढऱ्या पेशी तपासाव्या लागतात, आणि जंतुसंसर्गात औषधाचं रक्तातलं प्रमाणही वाढू शकतं. दिवसभर प्रमाणाबाहेर पाणी पिणाऱ्या शुभार्थीला गोंधळल्यासारखं होऊ लागलं, तर रक्तातलं सोडियम लगेच तपासून घ्या.

15. मी स्वतः शुभार्थी आहे. समोरचा बोलताना मध्येच धागा सुटतो आणि लाज वाटते. तेव्हा काय करू?

मान डोलावत राहू नका. त्याने तेवढ्यापुरतं निभावतं, पण पुढे गैरसमज होतात आणि तुम्ही माणसं टाळू लागता. आजाराचं नाव न सांगताही मदत मागता येते. ‘मला थोडं सावकाश सांगाल?’, ‘शेवटचं वाक्य सुटलं माझं,’ ‘हे लिहून घेतो, थांबा जरा.’ ही वाक्यं घरी मोठ्याने म्हणून पाहा, म्हणजे वेळेवर सुचतात. चार जणांच्या गप्पांपेक्षा एकाशी बोलणं सोपं जातं, आणि समोर बसण्यापेक्षा सोबत चालताना आणखी सोपं. फोनवर चेहरा दिसत नाही म्हणून धागा जास्त सुटतो. महत्त्वाचं काही असेल तर ‘मेसेज करून ठेवाल का?’ असं विचारा. बहुतेक लोक हो म्हणतात.